किरणोत्सर्गी स्रोत असलेलं उपकरण साध्या कुरिअरने पाठवलं तर चालतं का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: प्रयोगशाळेतला जुना गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) दुरुस्तीसाठी परदेशी पाठवायचाय. त्याच्या ईसीडी (इलेक्ट्रॉन कॅप्चर) डिटेक्टरवर किरणोत्सर्गाचं चिन्ह आहे, पण गायगर मीटर धरला तर काटा हलत नाही. मग साधं यंत्र म्हणून पाठवलं तर बिघडलं कुठे?

पाठवता येतो. साधं यंत्र म्हणून मात्र नाही. असल्या मालाचं पॅकिंग आणि कागदपत्रं बघणं हे माझं रोजचंच काम, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी त्या मीटरचं बघू. ईसीडीत बहुतेक वेळा निकेल-६३ असतं, धातूच्या पातळ पत्र्यावर चढवलेलं. ते फक्त बीटा कण सोडतं आणि तेही इतके दुबळे (जास्तीत जास्त ६७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) की डिटेक्टरच्या धातूच्या कवचातून बाहेर पडतच नाहीत. मीटर गप्प बसला याचा अर्थ आत काही नाही, असा होत नाही. ‘इतकं जुनं यंत्र, आता काय उरलं असेल’ हेही इथे लागू नाही. निकेल-६३चं अर्धायुष्य साधारण १०० वर्षांचं आहे.

आता डिटेक्टरवरची पट्टी वाचा. तिच्यावर स्रोताचं नाव, सक्रियता (दर सेकंदाला किती अणू फुटतात ते, बेकरेलमध्ये) आणि तारीख असते. ईसीडीत सहसा ३७० किंवा ५५५ मेगाबेकरेल सापडतं, म्हणजे जुन्या मापात १० किंवा १५ मिलिक्युरी. वाहतुकीचे मूळ नियम आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे, एसएसआर-६ नावाने ओळखले जाणारे. विमानाचे, जहाजाचे आणि बहुतेक देशांचे रस्त्याचे नियम त्यांच्यावरच बेतलेले आहेत. त्यांच्यानुसार एका खेपेत १०० मेगाबेकरेलपर्यंत निकेल-६३ असेल तर ती खेप या नियमांतून सुटते. तुमचा डिटेक्टर त्याच्या वर जातो. ‘साधं यंत्र’ हा मुद्दा इथेच संपला.

पण लगेच घाबरूनही जाऊ नका. वरची मर्यादा फार लांब आहे. प्रत्येक समस्थानिकाला ए-१ आणि ए-२ असे दोन आकडे ठरवून दिलेत. ए-१ ‘स्पेशल फॉर्म’साठी, म्हणजे न फुटणाऱ्या, चाचणी झालेल्या बंद कुपीसाठी, बाकी सगळ्याला ए-२. निकेल-६३चा ए-२ आहे ३० टेराबेकरेल. उपकरणात बसवलेला घन स्रोत त्याच्या शंभराव्या भागापर्यंत, म्हणजे ३०० गिगाबेकरेलपर्यंत, ‘एक्सेप्टेड पॅकेज’ म्हणून, म्हणजे बऱ्याच अटींतून सूट मिळालेलं खोकं म्हणून, जाऊ शकतो. तुमचं ५५५ मेगाबेकरेल त्याच्या पाचशेव्या भागाहून कमी आहे. म्हणजे तुमचा माल यूएन २९११ (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) मध्ये बसतो: उपकरणं आणि वस्तू.

अट सक्रियतेपुरती नाही, किरणोत्सर्गाच्या दराचीही आहे. खोक्यात न घातलेल्या उपकरणापासून १० सेंटिमीटरवर ताशी ०.१ मिलिसिव्हर्टपेक्षा (सिव्हर्ट हे शरीराला बसणाऱ्या किरणांच्या मात्रेचं माप) जास्त नको आणि बांधलेल्या खोक्याच्या पृष्ठभागावर ताशी ५ मायक्रोसिव्हर्टपेक्षा जास्त नको. ईसीडीला हे अवघड नाही. पण रस्त्याच्या कामावर मातीची घनता मोजायचं गेज घ्या. त्यात सीझियम-१३७ आणि अमेरिशियम-बेरिलियम असतं, दोन्ही सीलबंद. सक्रियतेच्या हिशेबात तेही एक्सेप्टेडमध्ये बसतं, पण पेटीच्या पृष्ठभागावरचा दर बसत नाही. म्हणून ते ‘टाइप ए’ पेटीतून जातं, यूएन ३३३२ म्हणून, वर पिवळं लेबल. त्या लेबलावरचा ‘टीआय’ (ट्रान्सपोर्ट इंडेक्स) म्हणजे पेटीपासून एक मीटरवरचा सगळ्यात जास्त दर, ताशी मिलिसिव्हर्टमध्ये घेऊन १००ने गुणलेला.

टाइप ए म्हणजे जाड खोका नव्हे, चाचणी उत्तीर्ण झालेली रचना. तासभर पाण्याचा मारा, हलक्या पेट्या १.२ मीटरवरून सगळ्यात वाईट कोनात आपटणं, वजनाच्या पाचपट ओझं २४ तास, वर ६ किलोची सळई एक मीटरवरून सोडणं. रेडिओग्राफीच्या (धातूतले दोष किरणांनी तपासायच्या) कॅमेऱ्यांना लागणाऱ्या टाइप बी पेट्यांना ९ मीटरवरून आपटतात आणि ८०० अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजतात. यामागचा विचार मला फार पटतो: हमालाला, ड्रायव्हरला आत काय आहे ते ठाऊक नसलं तरी त्याला धोका पोचता कामा नये. सगळी सुरक्षितता पेटीत, आणि पेटीची जबाबदारी पाठवणाऱ्याची.

पेटी नीट नसली की काय होतं ते जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात दिसलं. खाणीतून पर्थला दुरुस्तीसाठी ट्रकने निघालेल्या एका गेजचा बोल्ट हादऱ्यांनी निघाला आणि सीझियमची ८ बाय ६ मिलिमीटरची कुपी वाटेत कुठेतरी पडली. पेटी उघडेपर्यंत कुणाला पत्ता नाही. मग सुमारे १४०० किलोमीटरचा रस्ता डिटेक्टर लावलेल्या गाड्यांनी विंचरला आणि १ फेब्रुवारीला ती रस्त्याकडेला सापडली. तीही दुरुस्तीलाच निघाली होती, हे लक्षात घ्या.

तुमच्याकडचं काम असं. क्रोमॅटोग्राफ अख्खा पाठवू नका. कंपनीच्या किंवा परवानाधारक तंत्रज्ञाकडून डिटेक्टरचा सेल तेवढा काढून घ्या, तो न उघडता. आतला पत्रा सुटा केलात तर तो उपकरण राहत नाही. नुसता स्रोत सांभाळणारी डबी म्हणजे उपकरण नव्हे, असं नियमातच लिहिलंय. मग वर्ग बदलतो, मर्यादा एकदशांश होते, आणि बोटांना निकेल लागतं ते वेगळंच. सेलची तोंडं टोपणं लावून बंद करा. पुसून घेतलेल्या नमुन्याची गळती चाचणी करून घ्या (दुबळ्या बीटासाठी लिक्विड सिंटिलेशन, म्हणजे द्रवात उमटणाऱ्या प्रकाशावरून मोजणी; गायगर नको) आणि तिचा दाखला सोबत जोडा. सेलवर ‘रेडिओॲक्टिव्ह’ अशी खूण हवी. खोक्यावर यूएन क्रमांक, पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, विमानाने जाणार असेल तर एक्सेप्टेड पॅकेजचं लेबलही. या वर्गाला धोकादायक मालाचं सविस्तर घोषणापत्र लागत नाही, पण एअर वेबिलवर (विमानाने जाणाऱ्या मालाच्या पावतीवर) उल्लेख लागतोच.

टपालाने पाठवायचा विचार सोडून द्या. टपालासाठी मर्यादा आणखी एकदशांश आहे. त्यात तुम्ही बसाल, पण आंतरराष्ट्रीय टपालात आपल्या देशाच्या नियामकाने अधिकृत केलेल्या पाठवणाऱ्यालाच परवानगी असते. कुरिअर कंपनीला बुकिंगच्या आधी लेखी विचारा. नियमात बसणारा माल नाकारायचा त्यांना अधिकार आहे आणि बऱ्याच जणी तो वापरतात. घेणाऱ्याकडे त्या स्रोताचा परवाना आहे का, तुमच्या नियामकाची निर्यातीला संमती लागते का, हेही आधीच विचारून ठेवा. माझ्या अनुभवात खेपा अडकतात त्या इथेच, किरणांमुळे क्वचितच.

उरलेलं यंत्र साध्या मालासारखं पाठवता येईल. फक्त सेल काढल्यावर यंत्राचीही पुसणी चाचणी करून घ्या आणि त्याच्यावरची किरणोत्सर्गाची सगळी चिन्हं काढा किंवा झाका. नाहीतर सीमाशुल्कवाले रिकाम्या यंत्रासाठी तुमच्याकडे कागद मागत बसतील.