घर ‘मी’ घेतले की ‘आपण’ घेतले?

प्रश्न : मी महाविद्यालयीन मुलांकडून नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून घेते. ‘स्वतःविषयी सांगा’ म्हटले, की आमची मुले, मग ती मराठी असोत की गुजराती, वडील काय करतात, घरी कोण कोण असते, मूळ गाव कोणते, येथून सुरुवात करतात. मुलाखत घेणारे त्यांना मध्येच थांबवतात. हा आत्मविश्वासाचा अभाव समजावा का?
— एक शिक्षिका, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : नाही. या मुलांवर आत्मविश्वास नसल्याचा शिक्का मारणे मला अन्यायाचे वाटते. १९५४ मध्ये कुन आणि मॅकपार्टलँड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी एक साधी चाचणी तयार केली. ‘मी कोण आहे?’ या एकाच प्रश्नाची वीस उत्तरे लिहायची, एवढेच तिचे स्वरूप. स्टीव्हन कझिन्स या संशोधकाने १९८९ मध्ये ती जपानी आणि अमेरिकी विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा अमेरिकी मुलांनी प्रामुख्याने ‘मी मनमिळाऊ आहे’, ‘मी जिद्दी आहे’ असे गुण लिहिले, तर जपानी मुलांनी आपले नाते, भूमिका आणि गट यांचा उल्लेख जास्त केला. मात्र प्रश्नाला जागा जोडून ‘घरी तुम्ही कसे असता, मित्रांमध्ये कसे असता’ असे विचारताच चित्र उलटले आणि जपानी मुलांनीच गुणवाचक शब्द अधिक वापरले. त्यांना स्वतःचे गुण ठाऊक नव्हते असे नाही. संदर्भ नसलेला प्रश्नच त्यांना अपुरा वाटत होता.

तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांना घरचा उल्लेख गाळायला सांगू नये. ‘स्वतःविषयी सांगा’ म्हणजे ‘या कामात तू कसा असतोस?’ असा प्रश्न आहे, हे त्यांना समजावून द्यावे. ‘वडिलांच्या दुकानाचा हिशेब मी ठेवतो आणि चूक सापडेपर्यंत जागचा उठत नाही’ या वाक्यात वडीलही आहेत आणि मुलगाही आहे.

प्रश्न : आमचा मुलगा सात वर्षे कॅनडात आहे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, ‘बाबा, मी घर घेतलं.’ पत्नी शेजारी बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती एवढेच म्हणाली, ‘आपण घर घेतलं, असं नाही म्हणाला तो.’ तेव्हापासून ती या विषयावर बोलत नाही. १९७९ मध्ये माझ्या वडिलांनी कर्ज काढून आमचे आताचे घर घेतले. पैसा सगळा त्यांचा होता, तरी ते प्रत्येकाला ‘आपण घर घेतलं’ असेच सांगत. परदेशी राहिल्याने माणसाची स्वतःविषयीची कल्पनाच बदलते, असे वाचनात आले. ते खरे आहे का? मुलगा दुरावला असे समजावे का? मध्यंतरी त्याने आमच्या दारावरच्या पितळी पाटीचे माप तेवढे मागितले होते. का, ते मी विचारले नाही.
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपल्या पत्नीने जे ऐकले ते खरेच ऐकण्यासारखे होते, म्हणून त्यांच्या गप्प राहण्याला हळवेपणा म्हणून बाजूला सारू नये. आपल्या भाषेत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा हाच भेद आहे, त्यामुळे बडोद्यातल्या माणसाच्या कानाला तो दोन्हीकडून घडवलेला असतो. शिवाय मराठीतला ‘आपण’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. प्राकृतातल्या ‘अप्पण’मार्गे तो संस्कृत ‘आत्मन्’पर्यंत पोहोचतो, आणि आज ‘स्वतः’, ‘आपण सगळे’ आणि आदरार्थी ‘तुम्ही’ असे तिन्ही अर्थ तोच एक शब्द वाहतो. ज्या इंग्रजीत आपला मुलगा दिवसभर वावरतो, तिच्यात ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद करणारा शब्दच नाही. बँकेपुढे, वकिलापुढे, कचेरीतल्या सहकाऱ्यांपुढे त्याने ‘मी घर घेतले’ हेच वाक्य कितीतरी वेळा उच्चारले असेल, आणि तेच त्याने घाईने मराठीत आपल्यापुढे ठेवले असेल.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये अशी मांडणी केली, की काही समाजांत माणूस स्वतःला इतरांपासून वेगळा, स्वयंपूर्ण घटक मानतो आणि काही समाजांत नात्यांनी बनलेला, नात्यांतच पुरा होणारा मानतो. भारतातलेही काम या विषयात महत्त्वाचे आहे. रिचर्ड श्वेडर आणि एडमंड बोर्न यांनी भुवनेश्वर आणि शिकागो येथील लोकांना ओळखीच्या माणसांचे वर्णन करायला सांगितले. शिकागोचा माणूस ‘ती स्नेहाळ आहे’ असे म्हणे, तर भुवनेश्वरचा माणूस ती सणाला आमच्या घरी गोडधोड घेऊन येते, अशा तऱ्हेने बोले. मला स्वतःला सर्वांत बोलका वाटतो तो जोन मिलर यांचा १९८४ मधला, म्हैसूर आणि शिकागो यांची तुलना करणारा अभ्यास. एखादा माणूस अमुक का वागला, याचे कारण देताना अमेरिकी प्रौढ त्याच्या स्वभावाकडे बोट दाखवत, तर म्हैसूरचे प्रौढ प्रसंगाकडे आणि नात्यागोत्याकडे. परंतु आठ वर्षांच्या मुलांमध्ये हा फरक फारसा नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे हा फरक रक्तातला नाही. तो संस्कारातून येतो, आणि जे शिकता येते त्यात मोठेपणीही भर पडू शकते.

म्हणून परदेशी राहिल्याने काहीच बदलत नाही, असे मी म्हणणार नाही. मात्र ‘पश्चिमेचा मी’ आणि ‘पूर्वेचे आपण’ अशी जगाची दोन फाळ्यांत वाटणी करणेही चुकीचे आहे. २०१६ मध्ये विव्हियन व्हिन्योल्स आणि अनेक देशांतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की ‘स्व’ला एकच पट्टी लावता येत नाही. निर्णय कोणी घ्यायचा, वेगळेपण किती मिरवायचे, अडचणीत कोणावर विसंबायचे, मनातले किती उघड करायचे, या निरनिराळ्या बाबी आहेत आणि एकाच माणसात त्या निरनिराळ्या दिशांना जाऊ शकतात. घर स्वतःच्या हिमतीवर घेणारा मुलगा आजारपणात पहिला फोन आईलाच करत असेल, तर त्याला कोणत्या फाळीत बसवायचे?

आणखी एक गोष्ट बडोद्यात बसून लिहिताना मला टाळता येत नाही. नात्यांनी बनलेल्या माणसाविषयी आपण जिव्हाळ्याने बोलतो, पण जातही माणसाला अशीच इतरांच्या नजरेतून घडवत आली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला आणि नंतर लंडनला शिकले आणि १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी याच शहरात आले. युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पार पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. बडोद्याच्या स्थानकावर उतरताच, राहायचे कोठे या प्रश्नाने ती परत आली. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले; अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना संध्याकाळपर्यंत तेथून निघून जायला बजावले, आणि रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. दूर देशात माणसाला मिळणारा ‘मी’ म्हणजे केवळ स्वार्थ नसतो, कित्येकांसाठी तो पहिला मोकळा श्वास असतो, हे त्या बागेवरून जाताना मला दर वेळी जाणवते. आपल्या वडिलांचे ‘आपण’ उदार होते. प्रत्येक घरातले तसे नसते. कित्येक घरांत ‘आपण ठरवले’ याचा अर्थ सुनेला कोणी विचारलेच नाही, असा होतो.

तेव्हा एका सर्वनामावरून मुलगा दुरावला असा निष्कर्ष काढू नये. पत्नीला जे वाटले ते मात्र मुलाला जरूर सांगावे, आणि तक्रारीच्या सुरात नव्हे तर आजोबा काय म्हणत असत ती आठवण म्हणून सांगावे. सात वर्षांत असे किती शब्द त्याच्या कानावर पडलेच नाहीत, याची त्यालाही कल्पना नसेल. राहता राहिली पितळी पाटी. आपण पत्राच्या शेवटी तिचा ओझरता उल्लेख केला आहे, पण माझ्या मते पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. त्या पाटीवर बहुधा आपल्या वडिलांचे नाव असावे. आज संध्याकाळी आपण दोघांनी मिळून माप घ्यावे, आणि ते कळवण्यासाठी या वेळी फोन पत्नीने करावा.