जुन्या औषधालयाची वास्तू : वय, रचना आणि नोंद

प्रश्न : आमच्या गावात स्टेशनकडच्या वस्तीत एक जुने औषधालय आहे. सागवानी खांबांची ओसरी, मंगलोरी कौले आणि आत छतापर्यंत गेलेल्या लाकडी मांडण्या आहेत. वारसांना दुरुस्ती करायची आहे. इमारतीचे वय कसे ओळखावे? वारसा वास्तू म्हणून तिची नोंद होऊ शकते का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : कौलाच्या खालच्या बाजूस कारखान्याचे नाव उमटवलेले असते, तेथून सुरुवात करावी. मंगळूरला कौलांचे कारखाने 1860 नंतर निघाले. मात्र कौले मागाहूनही बदलली जात असल्याने त्यांवरून छपराचे वय कळते, भिंतींचे नव्हे. लोखंडी तुळया असल्यास त्यांवरील छापही पाहावा. टाटांच्या जमशेदपूर येथील कारखान्यात पोलाद 1912 पासून तयार होऊ लागले, त्यामुळे तो छाप त्याआधीचा असू शकत नाही.

माझ्या मते ओसरीपेक्षाही अधिक मोलाची आहे ती दुकानामागची खोली. कारखान्यात तयार झालेल्या गोळ्या सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी कंपाउंडर डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे तेथेच औषध मोजून, खलून, मिसळून देई आणि बाटलीवर मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवी. तराजू ठेवण्याचा ओटा, पाण्याची मोरी, विषारी द्रव्यांचे कुलपाचे कपाट, औषध देण्याची खिडकी यांपैकी जे शिल्लक असेल ते जागचे हलवू नये. मांडण्या विकल्या गेल्या, तर ही इमारत औषधालय होती हे सांगणारे फारसे काही उरणार नाही.

दुरुस्तीत सिमेंटचा गिलावा कटाक्षाने टाळावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरील भिंतीही थोड्या हलतात. चुन्याचा गिलावा ही हालचाल बऱ्याच अंशी सोसतो आणि भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो, तर सिमेंट तडकते व ओल आत कोंडून धरते. मग विटा झिजतात आणि भिंतीत बसवलेली सागवानी तुळईची टोकेही कुजू लागतात.

नोंदीचे म्हणाल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार विकास आराखड्यात ऐतिहासिक वा वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या वास्तूंच्या जतनाची तरतूद करता येते. आपल्या नगरपरिषदेकडे लेखी अर्ज करावा. त्यासोबत मोजमापांसह नकाशा, प्रत्येक खोलीची छायाचित्रे आणि हाती असतील ती खरेदीखते व औषधविक्रीचे जुने परवाने जोडावेत. आणि हे सारे सुतार-गवंडी कामाला लावण्याआधी पूर्ण करावे.