लहान जहाज, मोठा हप्ता: कोविडची साथ सुरू असताना (२०२१) उरलेले पैसे भरावेत का?

प्रश्न: मी ६६ वर्षांचा, पत्नी ६२ वर्षांची, दोघंही निवृत्त. ध्रुवीय प्रदेशातली १२ दिवसांची जहाजसफर आम्ही कोविडची साथ येण्याच्या आधीच ठरवली होती. जहाज लहान आहे, ८० प्रवाशांचं. एकूण खर्च आमच्या घरच्या ८ महिन्यांच्या खर्चाइतका आहे. त्यातले २५ टक्के भरून झाले. उरलेले ७५ टक्के निघण्याच्या ९० दिवस आधी भरायचे, म्हणजे आजपासून पाच आठवड्यांनी. ही रक्कम आपत्कालीन निधीतून काढायचा विचार आहे. त्यात सध्या १० महिन्यांचा खर्च आहे. आम्ही रद्द केलं तर भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, पण त्याऐवजी भरलेल्या रकमेच्या १२५ टक्के क्रेडिट (म्हणजे पुढच्या सफरीत वळती होणारी रक्कम) देऊ, दोन वर्षांत वापरा, असं कंपनी म्हणते. पत्नीला दमा आहे, दोघांचाही लसीचा एक डोस झाला आहे. मुलगी ‘नका जाऊ’ म्हणते. मला वाटतं, मोठ्या जहाजासारखी गर्दी नाही, मग भीती कसली?

उत्तर: उरलेला हप्ता आपत्कालीन निधीतून भरू नका. आणि सफर रद्दही करू नका, निदान आज तरी नाही. या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात ते पुढे सांगतो, पण आधी तुमच्या शेवटच्या वाक्याकडे वळतो, कारण सगळा निर्णय त्यावर उभा आहे.

जहाज लहान म्हणजे गर्दी लहान, हे खरं. २०२० च्या फेब्रुवारीत जपानमध्ये योकोहामाला अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ या मोठ्या जहाजावर ३,७११ माणसं होती आणि त्यातल्या ७१२ जणांना लागण झाली. ते चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, म्हणून लहान जहाज सुरक्षित वाटतं. पण त्यानंतरच्याच महिन्यात ‘ग्रेग मॉर्टिमर’ नावाचं लहान जहाज अर्जेंटिनातल्या उशुआइयाहून अंटार्क्टिकाकडे निघालं. प्रवासी आणि कर्मचारी मिळून २१७ माणसं. चढताना प्रत्येकाचा ताप तपासला होता. आठव्या दिवशी एकाला ताप आला आणि पुढे तपासण्या झाल्या तेव्हा १२८ जण बाधित निघाले. म्हणजे निम्म्याहून अधिक, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना काहीच लक्षणं नव्हती. लहान जहाजावर जेवणाची खोली एक, बोटीत चढायची जागा एक, व्याख्यानाचं दालन एक. माणसं कमी असली तरी ती रोज तीच आणि जवळ जवळ असतात.

चाचण्या करून नेलं तर? २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ‘सीड्रीम १’ या लहान जहाजाने कॅरिबियन समुद्रात तेच केलं. प्रवासी फक्त ५३, प्रवासाआधी चाचणी, चढताना पुन्हा चाचणी. तरी जहाजावर लागण निघालीच आणि फेरी अर्ध्यावर सोडावी लागली. तुमची कंपनीही चाचण्या करेल, मास्क देईल. त्याने धोका कमी होतो, संपत नाही.

अमेरिकेत सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जहाजसफरींसाठी काढलेला आदेश २५० किंवा त्याहून जास्त माणसांची क्षमता असलेल्या जहाजांनाच लागू होता. ‘लहान जहाजांना नियम नाही म्हणजे धोका नाही’ असा त्याचा अर्थ काही जण लावतात. तो चुकीचा आहे. नियम नसला की काळजी घेण्याचं काम कंपनीच्या मर्जीवर आणि तुमच्या चौकशीवर येतं, इतकंच.

आरोग्याचा भाग मी इथेच थांबवतो. दमा असताना जायचं की नाही हे तुमच्या पत्नीचे डॉक्टर सांगतील. त्यांना भेटल्याशिवाय पुढचं एक पाऊलही टाकू नका. माझं काम पैशाचं आहे, आणि पैशाच्या बाजूने पाहिलं तर लहान जहाज मला मोठ्यापेक्षा जास्त काळजीत टाकतं.

याचं कारण ‘ग्रेग मॉर्टिमर’च्याच गोष्टीत आहे. ते जहाज उरुग्वेच्या किनाऱ्याजवळ जवळपास दोन आठवडे अडकलं होतं, कारण उतरू द्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी ऑस्ट्रेलियाच्या प्रवाशांना वैद्यकीय सोय असलेल्या खास विमानाने न्यायचं ठरलं, आणि त्याचा खर्च माणशी सुमारे १५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर येईल असं त्यांना तेव्हा सांगण्यात आलं. तिकिटाचे पैसे आधीच गेलेले, वर हा आकडा. म्हणून मी अशीलांना सांगतो, सफरीचा खर्च म्हणजे तिकीट नव्हे. तिकिटाला निदान वरची मर्यादा असते. अडकून पडलात, दवाखान्यात राहावं लागलं, विलगीकरणाचे दिवस स्वतःच्या पैशाने काढावे लागले किंवा परतीचं विमान चुकलं, तर त्या बिलाला मर्यादा नाही.

आता हे तुमच्या आकड्यांवर लावून बघू. एकूण खर्च ८ महिन्यांचा. २५ टक्के म्हणजे २ महिने गेले. उरलेले ६ महिने निधीतून काढलेत की निधी १० वरून ४ महिन्यांवर येतो. आणि तो ४ वर येतो नेमक्या त्या दिवसांत, जेव्हा तुम्ही घरापासून सगळ्यात लांब असाल, आजाराची शक्यता सगळ्यात जास्त असेल, आणि मोठं बिल आलंच तर ते भरायला तेवढाच पैसा हाताशी असेल. तुम्ही निवृत्त आहात, पुढच्या महिन्याच्या पगारातून भरपाई होणार नाही. हा निधी तुम्ही किती वर्षं जपून उभा केला असेल याची मला कल्पना आहे. तो अशाच दिवसासाठी आहे, त्या दिवसाकडे जाण्याच्या तिकिटासाठी नाही.

‘पण २ महिन्यांचे पैसे बुडतील’ ही बोच मला तुमच्या पत्रात जाणवली. ते पैसे गेले आहेत, तुम्ही जा किंवा नका जाऊ. आज तुमच्यासमोर प्रश्न फक्त पुढच्या ६ महिन्यांच्या पैशाचा आहे. गेलेले २ वाचवायला आणखी ६ डावावर लावायचे का, एवढंच स्वतःला विचारा. असा प्रश्न घातला की बऱ्याच जणांना आपलं उत्तर आधीच माहीत असतं.

विम्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे. काही महिन्यांपूर्वी एक जोडपं माझ्याकडे पॉलिसी घेऊन आलं. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘वैद्यकीय खर्च समाविष्ट’. आम्ही पेन्सिल घेऊन पूर्ण दस्तऐवज ओळीने वाचला. ‘अपवाद’ या मथळ्याखाली दोन ओळी होत्या: पॉलिसी घेताना ठाऊक असलेल्या घटनेमुळे झालेलं नुकसान मिळणार नाही, आणि सरकारने प्रवास टाळण्याचा इशारा दिलेल्या ठिकाणी गेल्यास काहीच मिळणार नाही. ही साथ तर आज साऱ्या जगाला ठाऊक आहे; जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० लाच तिला जागतिक साथ म्हटलं. त्या बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, ‘मग आम्ही हप्ता भरला कशाचा?’ माझ्याकडे त्याचं चांगलं उत्तर नव्हतं.

म्हणून विमा कंपनीला चार गोष्टी लेखी विचारा. कोविड झाला तर उपचाराचा खर्च मिळेल का? जहाजावरून दवाखान्यापर्यंत हलवण्याचा खर्च मिळेल का आणि किती? आजारी नसताना नुसतं विलगीकरणात राहावं लागलं तर राहण्याचे पैसे मिळतील का? सरकारचा इशारा आला तर पॉलिसी चालू राहील का? दम्याची माहिती न लपवता द्या. लपवलेला जुना आजार हे दावा नाकारण्याचं सगळ्यात सोपं कारण असतं. ‘कोणत्याही कारणाने रद्द’ अशी जोड काही देशांत मिळते, पण ती सहसा पहिली रक्कम भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांतच घ्यावी लागते आणि तीही खर्चाच्या ५० ते ७५ टक्केच परत देते. तुमच्या बाबतीत ती वेळ केव्हाच टळली आहे. कंपनी ‘आमच्याकडून मोफत कोविड संरक्षण’ म्हणत असेल, तर पैसे देणार कोण ते विचारा, विमा कंपनी की जहाज कंपनी स्वतः? दुसऱ्या बाबतीत ते संरक्षण जहाज कंपनीच्या गल्ल्याइतकंच पक्कं.

तो गल्ला किती पक्का आहे? लहान जहाजांच्या कंपन्यांकडे कित्येकदा एक-दोनच जहाजं असतात. ती वर्षभर उभी राहिली की नव्या गिऱ्हाइकाच्या आगाऊ रकमेतून जुनी देणी भागवण्याचा मोह होतो. जहाजं बरीच असूनही ब्रिटनची ‘क्रूझ अँड मॅरिटाइम व्हॉयेजेस’ ही कंपनी २०२० च्या जुलैमध्ये कोसळली. कायद्याचं संरक्षणही सगळ्यांना सारखं नाही. अमेरिकेच्या बंदरांतून सुटणाऱ्या जहाजांना प्रवाशांचे पैसे परत करण्याची आर्थिक हमी फेडरल मेरिटाइम कमिशन या सरकारी संस्थेकडे द्यावी लागते, पण ती ५० किंवा जास्त प्रवाशांची सोय असलेल्या जहाजांनाच. युरोपीय संघात एकत्रित सफरीचा आयोजक बुडाला तर पैसे परत मिळण्याची तरतूद कायद्यातच आहे. तुमचं जहाज कुठून सुटतं, सफर कोणत्या देशातल्या कंपनीने विकली आणि तुमचे पैसे वेगळ्या विश्वस्त खात्यात आहेत की कंपनीच्या रोजच्या खात्यात, हे विचारा. उत्तर गोलमाल आलं तर तेच उत्तर समजा.

याच कारणाने १२५ टक्के क्रेडिटला मी भुलत नाही. क्रेडिट घेणं म्हणजे कंपनीला दोन वर्षं बिनतारण उसने पैसे देणं. वरचे २५ टक्के हे त्याचं व्याज समजा. साधा हिशेब करा: ते क्रेडिट तुम्हाला प्रत्यक्ष वापरता येण्याची शक्यता ८० टक्के धरली, तर १२५ चे ८० टक्के म्हणजे बरोबर १००. वाढीव सगळं तिथेच संपलं. कंपनी टिकायला हवी, तुमची तब्येत साथ द्यायला हवी, सफरीचे दर वाढायला नकोत आणि हव्या त्या तारखेला जागा मिळायला हवी. या सगळ्याची शक्यता ८० टक्क्यांहून जास्त आहे असं मी म्हणू शकत नाही. रोख रक्कम मिळत असेल तर १०० टक्के रोख घ्या. काहीच मिळत नसेल तर मात्र क्रेडिट घ्यायलाच हवं.

आणि इथेच ‘आज रद्द करू नका’चं कारण आहे. तुम्ही रद्द केलंत तर करारातली रद्द करण्याची कलमं तुमच्यावर चालतात. कंपनीने रद्द केलं तर बाजू उलटते. युरोपीय संघाच्या नियमानुसार तर अशा वेळी १४ दिवसांत पैसे परत करावे लागतात. आणि कंपनीने रद्द करण्याची शक्यता कमी नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये ‘रोआल्ड आमुंडसेन’ जहाजावर लागण झाल्यावर नॉर्वेने लगेच १०० हून जास्त माणसं असलेल्या जहाजांतून उतरायला दोन आठवडे बंदी घातली. तुमचं जहाज ८० प्रवाशांचं, पण कर्मचारी धरले तर आकडा शंभराच्या पुढे जाईल. एका बंदराने दार लावलं की सगळी फेरी गेली. तेव्हा हे पाच आठवडे घाई करू नका, घाई करण्यात तुमचा काहीच फायदा नाही.

पण नुसती वाट पाहत बसू नका. कंपनीला याच आठवड्यात लेखी कळवा. मजकूर साधा ठेवा: ‘आम्ही सफर रद्द करत नाही. साथीची परिस्थिती पाहता उरलेली रक्कम भरण्याची मुदत निघण्याच्या ३० दिवस आधीपर्यंत वाढवावी, किंवा भरलेली रक्कम पुढच्या हंगामातल्या त्याच सफरीला त्याच दराने लावावी. यांपैकी काय शक्य आहे ते लेखी कळवावं.’ पहिलं वाक्य गाळू नका. साथीच्या काळात अनेक कंपन्यांनी मुदती पुढे ढकलल्या आहेत. मागितल्याशिवाय मात्र क्वचितच मिळतं. मागची रक्कम क्रेडिट कार्डाने भरली असेल तर बँकेत विचारून ठेवा, सेवा न मिळाल्यास तक्रार किती दिवसांत नोंदवावी लागते.

पाचव्या आठवड्यापर्यंत मुदत वाढली नाही, कंपनीनेही रद्द केलं नाही, तर पैसे भरू नका. तारीख बदलून घ्या. ते नाही जमलं तर क्रेडिट घ्या, आणि ते कधी ना कधी बुडू शकतं हे मनाशी धरून घ्या. २ महिन्यांचा खर्च जाणं वाईट आहे, पण तुमचं घर त्याने हलणार नाही. ६ महिन्यांचा आणि वर एक बिल, याने हलेल.

एक गोष्ट मात्र मी तुमच्या मुलीच्या बाजूने बोलणार नाही. ६६ व्या वर्षी ‘नंतर जाऊ’ म्हणणं फुकट नसतं. आज गुडघे चालतात, बोटीतून बर्फावर उतरता येतं. तीन वर्षांनी येईलच असं नाही. त्यामुळे सफरीचा विचार सोडू नका, तिच्यासाठी वेगळे पैसे उभे करा. उरलेले ६ महिने निधीबाहेरून आले, दोघांचे दोन्ही डोस होऊन दोन आठवडे झाले, डॉक्टरांनी दम्याबद्दल हो म्हटलं आणि चार प्रश्नांची लेखी उत्तरं हातात आली, तर मी स्वतः तुम्हाला जा म्हणेन. दर महिन्याला अर्ध्या महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला पडत असेल तर ही ६ महिन्यांची रक्कम वर्षभरात उभी राहते. तेवढी पडत नसेल तर दोन हंगाम लागतील, आणि म्हणूनच तारीख बदलून घेणं तुमच्यासाठी सगळ्यात चांगलं.

तुमच्या पत्रात पत्नीचं वय आहे, दमा आहे, पण त्यांना जायचंय की नाही हे कुठेच नाही. ते आज संध्याकाळी विचारा. आणि विमा कंपनीकडून पॉलिसीची पूर्ण प्रत मागवून मला पाठवा, माहितीपत्रक नको. हप्त्याच्या तारखेआधी दहा दिवस मिळाली तर मी ती वाचून कळवीन.