राक्षसाचा देखावा नको, गोधडी घ्या

ताई, तुमच्या गटातले दारू सोडलेले आठ-दहा जण आणि त्यांच्या बायका मिळून यंदा गणपतीत 'दारूचा राक्षस' असा देखावा करायचा म्हणताय, आणि रंगकाम कसं करावं असं विचारलंय. रंगकामाचं सांगतो, पण आधी माझं ऐका. मला दारू सोडून चौदा वर्षं झाली आणि हा राक्षस आम्ही एकदा करून बसलोय. (तेव्हा थर्माकोलला बंदी नव्हती. शिंगंसुद्धा झक्क झाली होती.)

देखाव्यासमोर दहा मिनिटांचं नाटुकलं होतं. दारुड्याचं काम आमच्यातल्याच एकानं केलं. झोकांड्या कशा खायच्या हे त्याला शिकवावं लागलं नाही. लोक पोट धरून हसले. गर्दीत त्याची सातवीतली मुलगी होती, ती मैत्रिणींना तिथंच सोडून गुपचूप घरी गेली. पुढच्या सोमवारी तो मीटिंगला आला नाही. परत यायला सात महिने लागले, आणि मधल्या काळात काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. त्याला तिथं उभं आम्हीच केलं होतं.

तेव्हापासून आमच्याकडे जे काही करायचं ते करणाऱ्यांसाठी, बघणाऱ्यांसाठी नाही. सोडल्यावर दिवस कसाही निघतो हो, संध्याकाळ निघत नाही. सहा ते नऊ या हातांचं करायचं काय? १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. अवचट स्वतः ओरिगामी करायचे, लाकूड कोरायचे, बासरी वाजवायचे. हातांना नाद लागला पाहिजे, हे माझ्या डोक्यात शिरलं ते त्यांच्याकडे बघून.

आम्ही गोधडी घेतली. प्रत्येक घरातून एक जुना कपडा. एका वहिनींनी नवऱ्याचा सदरा आणला, खिसा फाटलेला. पगाराच्या दिवशी उरलेले पैसे काढून घेताना झटापटीत फाटला होता. आम्हाला वाटलं खिसा उसवून टाकतील. त्यांनी तो तसाच मधोमध लावला आणि भोवतीनं धावदोरा घातला. नवरा शेजारी बसून त्यांना सुई ओवून देत होता, तीनदा हुकला. दोघंही अवाक्षर बोलले नाहीत. पण त्या दिवशी घरी जायची घाई कुणालाच नव्हती.

आता रंगाचं. ऑइलपेंट, थिनर, फ्रेंच पॉलिश खोलीत आणूच नका. पॉलिशमध्ये स्पिरिट असतं, थिनर हुंगायचंही व्यसन असतं, आणि कुणी डायसल्फिरामच्या (दारू सोडवायला देतात त्या) गोळ्यांवर असेल तर स्पिरिटची वाफसुद्धा त्याला बाधू शकते. पोस्टर कलर आणि साधा पांढरा गोंद पुरतो. नुकतंच सोडलेल्यांचे हात थरथरतात, त्यांना बारीक ब्रश देऊन लाजवू नका. शाडूचा गोळा द्या, मळू दे. रोज पिणारा मात्र आजच सोडून थेट तुमच्याकडे आला तर आधी डॉक्टर. एकदम बंद केल्यावर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, तिथं कला कामाची नाही. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी हेल्पलाइन नंबर भिंतीवर लावून ठेवा.

नावं, फोटो, 'आधी-नंतर' असले फलक नकोत. मंडळाचा अध्यक्ष मागे लागेल, वर्तमानपत्रवाल्याला घेऊनही येईल. चहा पाजा आणि वाटेला लावा.

विसर्जनाच्या रात्री मात्र खोली उघडी ठेवा, मिरवणूक संपेपर्यंत. आमच्याकडे सगळ्यात जास्त टाके त्या एका रात्री पडतात. दोरा दुहेरी घ्या आणि सुया मोठ्या नेढ्याच्या आणा, आमच्यातल्या निम्म्यांना चाळिशी लागलीय.