इ. स. ४७६ मध्ये रोमन साम्राज्य एकाएकी कोसळले का?

नाही, ते एकाएकी कोसळले नाही. इ. स. पू. २७ मध्ये ऑक्टेव्हियनने ‘ऑगस्टस’ ही पदवी स्वीकारून प्रजासत्ताकाच्या चौकटीतच एकहाती सत्ता उभी केली. मात्र वारस ठरवण्याचा निश्चित कायदा त्याने मागे ठेवला नाही, आणि माझ्या मते ऱ्हासाचे मूळ तिथेच आहे. इ. स. १९३ मध्ये तर प्रीटोरियन रक्षकदलाने, म्हणजे सम्राटाच्याच अंगरक्षकांनी, सम्राटपद अक्षरशः लिलावात विकले. पुढे २३५ ते २८४ या काळात वीसहून अधिक सम्राट झाले, त्यांतील बहुतेकांचा अंत हिंसक झाला, आणि सैनिकांचे पगार भागवण्यासाठी नाण्यांतली चांदी इतकी घटवली गेली की अखेरीस ती नावापुरतीच उरली. पुढे साम्राज्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. ४७६ मध्ये जर्मानिक सेनानी ओडोअकरने पश्चिमेचा सम्राट रोम्युलस ऑगस्टुलस याला पदच्युत केले, तेव्हा त्या सम्राटाकडे इटलीपलीकडे फारसे काही राहिलेच नव्हते. पूर्वेची राजधानी कॉन्स्टँटिनोपल मात्र १४५३ मध्ये पडली.