‘महाराजांची गाडी’ म्हणून जास्त पैसे मोजण्याआधी

तुमचा प्रश्न असा : वडाळ्याच्या एका गॅरेजात १९३४ची रोल्स-रॉइस २०/२५ विकायला उभी आहे. दलाल म्हणतो, गाडी काठेवाडातल्या एका संस्थानिकांची, नंतर मंत्र्यांनीही वापरली, आणि तेवढ्यावर तो जवळजवळ दुप्पट भाव सांगतोय. द्यावा का?

कागद हातात येईपर्यंत त्या नावासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. गाडी म्हणून ती कदाचित उत्तम असेल. त्या प्रकारच्या ३,८२७ गाड्या १९२९ ते १९३६ या काळात बनल्या आणि त्यांचं सहा सिलिंडरचं इंजिन नीट सांभाळलं तर आजही शांतपणे चालतं. पण गाडीची किंमत वेगळी आणि महाराजांची वेगळी. या दोन रकमा मनात आधी सुट्या करा.

‘वापरली’ या शब्दाकडे जरा नीट बघा. साराएवोत २८ जून १९१४ला खून झाला तेव्हा ऑस्ट्रियाचे युवराज आर्चड्यूक फर्डिनांड ज्या ग्रेफ उंड श्टिफ्ट गाडीत बसले होते, ती त्यांची नव्हतीच, काउंट हाराख यांची होती. डॅलसला गोळ्या लागल्या तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ज्या लिंकन गाडीत होते, ती फोर्ड कंपनीने वर्षाला ५०० डॉलर भाड्याने दिलेली. हत्येनंतर ती उघडून चिलखती केली, वर पक्कं छत घातलं, रंग बदलला आणि १९७७पर्यंत ती सरकारी ताफ्यात धावली. आज ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. एवढे बदल होऊनही तिच्याबद्दल कोणी शंका घेत नाही, कारण ती कधी कोणाकडे होती याची नोंद मधे कुठेही तुटलेली नाही. आपल्याकडचं उदाहरण हवं तर कोल्हापूर बघा. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक ही जर्मन गाडी दर दसऱ्याला दसरा चौकात येते आणि सगळं गाव ती डोळ्यांनी बघतं. तिथे दलालाने काही सांगायची गरजच नाही. तुमच्या गाडीच्या बाबतीत हीच साखळी शोधायची आहे.

आता ती कशी शोधायची. त्या काळात रोल्स-रॉइस पूर्ण गाडी विकत नसे. चासी (गाडीचा खालचा सांगाडा), इंजिन आणि रेडिएटर कारखान्याचं. वरची बॉडी गिऱ्हाईक बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली अशा बॉडी बांधणाऱ्यांकडून करून घेई. म्हणून जन्माचे दाखले दोन. बॉनेट उघडलं की इंजिनामागच्या पत्र्यावर पाटी असते, तिच्यावर ‘जी’ने सुरू होणारी तीन अक्षरं आणि एक आकडा, हा चासी नंबर. तो आणि इंजिन नंबर दोन्हींचे स्वच्छ फोटो घ्या. इंग्लंडमध्ये नॉर्थहॅम्प्टनशायरच्या पॉलर्सपरी गावात रोल्स-रॉइस एन्थुझियास्ट्स क्लबचं हंट हाऊस आहे. तिथे कारखान्याची चासी कार्डं जपलेली आहेत आणि पैसे भरून प्रत मागवता येते. ऑर्डर कोणाची आणि बॉडी कोणाची, हे त्यावर कळतं. दाराच्या उंबऱ्यावरच्या पट्टीवर बॉडीवाल्याचं नाव कोरलेलं सापडलं तर ते कार्डाशी ताडून पाहा.

मात्र कार्डावर संस्थानिकाचं नाव नसलं म्हणून दावा लगेच खोटा ठरत नाही. पुष्कळ गाड्या मधल्या विक्रेत्यामार्फत किंवा वापरलेल्या घेतल्या जात. अशा वेळी भारतातले कागद लागतात : जुनं आरसी बुक, मालकी बदलल्याच्या नोंदी, विम्याची पावती, ज्यात नंबरप्लेट वाचता येते असा जुना फोटो. १९७१ला संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद झाल्यावर किती गाड्या राजवाड्यांतून बाहेर पडल्या आणि लग्नाच्या वरातींना, सिनेमाच्या शूटिंगला लागल्या! त्या धामधुमीतच नोंदी तुटल्या आणि तुटलेल्या जागी गोष्टी येऊन बसल्या. अलवरच्या महाराजांनी रोल्स कचरा उचलायला लावल्याची कथा तुम्हीही ऐकली असेल. सांगणारा बदलला की महाराज बदलतात, कधी अलवर, कधी भरतपूर, कधी पतियाळा. त्या काळातला कागद मात्र कोणी पुढे करत नाही.

माझं स्वतःचं सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका ब्यूकसाठी मी असेच जास्तीचे पैसे मोजले. मागच्या दारावर सोनेरी राजचिन्ह होतं, तेवढ्यावर मी भुललो. माझगावच्या आमच्या पेंटरने त्या चिन्हाच्या कडेला हजार नंबरचा पाणी-पेपर (रंग घासायचा कागद) हळूहळू फिरवला. सोनेरीखाली मरून, मरूनखाली राखाडी पुट्टी आणि पुट्टीखाली कंपनीचा जुना काळा रंग, अगदी सलग, चिन्हाचा मागमूस नाही. चिन्ह पुट्टीच्या नंतरचं होतं. पेंटर काही बोलला नाही, फक्त पेपर माझ्या हातात दिला. त्या रात्री मला झोप लागली नव्हती. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून हे इतकं लांबलचक लिहितोय.

बघायला जाल तेव्हा एक बॅटरी (टॉर्च) आणि लहानसं लोहचुंबक खिशात ठेवा. त्या बॉड्या बहुतेक ॲश लाकडाच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून केलेल्या असत. दारांच्या पत्र्याला चुंबक चिकटलं, तर पत्रा नंतर बदललेला असण्याची शक्यता फार. मडगार्ड लोखंडी असू शकतात, त्यावरून घाबरू नका. दार उघडून बिजागरीपाशी हलकेच वर उचला. ते खाली बसलेलं असेल किंवा उंबऱ्याजवळ बारीक भुसा दिसला, तर आतलं लाकूड गेलं. मुंबईच्या दमट हवेत ते पहिलं जातं. आपल्याकडे त्याजागी सर्रास सागवान घालतात. मजबूत असतं, पण जड. हे काम पत्र्याच्या कामापेक्षा महाग पडतं आणि वेळखाऊही आहे, तेव्हा भाव करताना आधी याचा हिशेब धरा.

दलाल ‘लंडनला लिलावात टाका, पैसे वसूल’ म्हणत असेल तर ते डोक्यातून काढा. १ जानेवारी १९५०पूर्वीच्या गाड्या आणि त्यांचे सुटे भागसुद्धा निर्यात-निर्बंधाखाली आहेत. नोंदणीचं २०२१च्या नियमांनी सोपं झालं : पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर राहू शकतो आणि तो राहिलाच पाहिजे, कारण साखळीतली तीही एक कडी आहे. रोज ऑफिसला न्यायची परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच.

आणि घेतलीत तर लगेच रंगाला लावू नका. आधी सगळ्या पाट्यांचे, उंबऱ्याच्या पट्टीचे, दारांच्या आतल्या बाजूंचे फोटो काढून ठेवा. चासी नंबर मिळाला की इथे टाका, कार्ड मागवायचा अर्ज आपण मिळून भरू.