२४०झेड घेतोयस? आधी लोहचुंबक घे

अरे, रंगाला भुलू नकोस. डॅटसन २४०झेड ही १९६९ ते ७३ची गाडी, तिला खातो तो गंज. २.४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन दणकट आहे, रिंगा-बेअरिंगं बदलून पुन्हा उभं राहतं. पत्रा कुजला की मात्र खिसा रिकामा. बॅटरीखालचा ट्रे, पायाखालचा तळ, मागच्या चाकापुढचा कोपरा, डिकीच्या दाराची कड, सगळीकडे लोहचुंबक फिरव. चिकटला नाही तिथे पुट्टी आहे असं समज. गाडीखाली झोपूनही बघ, कपडे धुता येतात.

मी पहिल्याच महिन्यात सगळी गाडी खोलली. दोन वर्षं ती खोक्यांत पडून होती. तू आधी ब्रेक, पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या आणि वायरिंग उरक, म्हणजे गाडी चालती राहील. ॲक्सिलरेटर दाबताच अडखळली तर दोन्ही कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमधलं, म्हणजे वरच्या घुमटातल्या नळीतलं, तेल बघ. लोक उगाच जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक नळी, फिरवत बसतात. व्हॉल्व्हचा गॅप इंजिन गरम असताना लाव: इनटेक ०.२५, एक्झॉस्ट ०.३० मिमी. आणि खोललेला प्रत्येक बोल्ट पिशवीत, वर चिठ्ठी. फोटो काढलेस तरी चिठ्ठी लावच.